जीपचा घसा

फोंडाघाटच्या आमच्या अंगणात गेलं वर्षभर एक जीप आ वासून उभी आहे. बॉनेट वर, आत इंजिनाच्या जागी नुसती पोकळी. पावसाळ्यात त्या पोकळीत एका मांजरीने पिल्लं घातली तेव्हा क्षणभर वाटलं, चला, जागा भरली. पण आठवड्याच्या आत ती चारही पिल्लं तोंडात धरून पडवीत गेली. इंजिनासारखं तिचंही फाउंडेशन, म्हणजे बैठक, जुळलं नसावं.

जीप वडिलांची, म्हणजे अण्णांची, सीजे-३बी. तिचं उंच बॉनेट पाहून ती गर्विष्ठ वाटते, पण तो तिचा स्वभाव नव्हे. विलिस कंपनीच्या आधीच्या जीपमध्ये ‘गो डेव्हिल’ नावाचं ६० अश्वशक्तीचं बुटकं इंजिन असायचं. त्याच्या झडपा सिलिंडरच्या कुशीला, ब्लॉकमध्येच. मागून ‘हरिकेन’ आलं. त्यात श्वास आत घेणारी झडप डोक्यावर चढली, उच्छ्वासाची खालीच राहिली आणि इंजिन उंच झालं. जुन्या बॉनेटखाली ते मावेना, म्हणून १९५३ साली बॉनेटच वर उचललं. उंच सुनेसाठी दाराची चौकट वाढवणारं सासर मी अजून पाहिलेलं नाही. सुनाच आयुष्यभर वाकून आत येतात.

त्या इंजिनाला तीनदा बोअर मारून झाला. चौथ्या वेळी मिस्त्रीने ब्लॉकवर टिचकी मारली आणि नाडी सोडून दिलेल्या वैद्यासारखा गप्प बसला. तेव्हापासून गावात ज्याला त्याला माझ्या जीपसाठी इंजिन सुचतं. पोस्टमन म्हणतो, अॅम्बेसेडरमधलं इसुझू बसवा, १८०० सीसीचं, पळेल. चुलतभावाचा कौल डिझेलला, म्हणजे प्युजोच्या एक्सडीपी ४.९०ला. हे नाव मला आधी औषधासारखं वाटायचं. त्याचा अर्थ इतकाच, की सिलिंडर चार आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. सगळे मिळून २११२ सीसी. ‘घाट झोपेत चढेल,’ असं तो म्हणतो. ह्या घाटात झोपेत चढलेल्या गाड्या कुठे सापडतात ते आम्हाला ठाऊक आहे, पण तो मुद्दा मी काढत नाही. डिझेल जड, म्हणजे पुढचे पाटे बदलायचे. गिअरबॉक्सशी गाठ घालायला मध्ये प्लेट कातून घ्यायची. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. इंधन बदलायचं तर आरटीओची परवानगी हवी, आरसी बुकात नवा नंबर चढायला हवा. माणसाचं मन बदललं तर कुठे नोंद करावी लागत नाही, ही केवढी सवलत!

हे सगळं मी वहीत लिहून काढलं. वजन, लांबी, खर्च, सगळ्याला रकाने पाडले. एका गोष्टीला मात्र रकाना सापडेना. अण्णा घाट उतरून शेवटच्या वळणावर दुसरा गिअर टाकत, तेव्हा जीप घसा खाकरल्यासारखी करायची. तो खाकरा ऐकला की आई कढई चुलीवर ठेवी. त्या वळणापासून आमच्या अंगणापर्यंतचं अंतर किती किलोमीटर आहे ते आजही मला सांगता येणार नाही. कालवणाला उकळी फुटेपर्यंतचं आहे, एवढं नक्की. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. आई आता सगळा दिवस आतल्या खोलीत असते. माणसं तिला चेहऱ्यावरून नीटशी ओळखू येत नाहीत.

मागच्या महिन्यात मिस्त्री डिझेल इंजिन बसवलेली एक जीप दाखवायला घेऊन आला. इंजिन दणदणीत, तक्रारीला जागाच नव्हती. आतून आईने विचारलं, ‘कोणाचो टेम्पो इलो रे?’ मिस्त्री जरा हिरमुसला.

परवा तोच भंगारातून एक जुनं हरिकेन घेऊन आला. जुन्या टायरवर ठेवलं, आंब्याच्या फांदीला पेट्रोलचा कॅन टांगला, नळी जोडली. तेल गळत होतं, एक सिलिंडर मध्येच रुसत होता, आणि किंमत ऐकून मीही रुसलो होतो. दहाव्या झटक्याला ते खाकरलं आणि चालू झालं.

दुपारचे साडेतीन वाजले होते. आमची जेवणं कधीच आटोपली होती. स्वयंपाकघरातून फोडणीचा चर्र आवाज आला.

‘पेट्रोल संपत आलंय,’ मिस्त्री म्हणाला, ‘बंद करू का?’

म्हटलं, ‘राहू दे जरा.’