मांडव्याच्या वाटेवर आधी कोण?

समुद्रावर कोणी कोणाला वाट द्यायची, याची नियमावली जगभर एकच आहे. १९७२ साली ठरलेले आणि १५ जुलै १९७७ पासून अमलात आलेले हे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम अटलांटिकमधल्या तेलवाहू जहाजाला जसे लागू, तसेच खुल्या समुद्राला जोडलेल्या मुंबई बंदरालाही. या नियमांत वाटेवरचा हक्क असा कोणाच्या पदरात फारसा पडत नाही. दोन नावा जवळ आल्या की एकीला बाजूला होण्याचे काम मिळते आणि दुसरीला सरळ चालत राहण्याचे. दोन्ही कामेच. मुंबईच्या रस्त्यांवर वाढलेल्या माणसाला हे पटायला गेटवे ते मांडवा हा तासाभराचा प्रवास अपुरा पडतो.

गेटवेच्या धक्क्याशी लाँच एकीला एक लागून उभ्या असतात. तिसऱ्या लाँचचा प्रवासी पहिल्या दोन लाँचमधून, तिथे बसलेल्यांच्या पायांवर पाय देत आणि ‘सॉरी’ म्हणत आपल्या जागेवर पोहोचतो. या वाहतुकीसाठी कोणताही आंतरराष्ट्रीय नियम केलेला नाही. नियम सुरू होतात ते सारंगाने इंजिन उलटे फिरवल्यावर. समोर दुसरी नाव दिसत असेल तर त्या वेळी भोंग्याचे तीन छोटे आवाज द्यायचे असतात. एक छोटा आवाज म्हणजे मी उजवीकडे वळतो आहे, दोन म्हणजे डावीकडे. पाच किंवा त्याहून जास्त झाले, तर ‘तुमच्या मनात काय आहे ते समजत नाही’ असा त्याचा अर्थ. रस्त्यावरच्या हॉर्नचा जो एकमेव अर्थ आहे, ‘सरक’, तो या यादीत सापडत नाही.

पुढचा नियम पहाऱ्याचा. प्रत्येक नावेवर डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असेल त्या साधनाने सतत लक्ष ठेवले पाहिजे. हिवाळ्यात लाँचच्या वरच्या डेकवर पाहणाऱ्यांची वाण नसते, पण ते सगळे सीगल पाहत असतात आणि त्यांना चिप्स भरवत असतात. पाण्यावर नजर ठेवायची जबाबदारी सारंगाची आणि नाळेवर उभ्या असलेल्या खलाशाची. वेगाचा नियमही याच्याच जोडीचा: किती किलोमीटर हे कुठेच लिहिलेले नाही, वेळेवर थांबता आले पाहिजे एवढेच. डिसेंबर २०२४ मध्ये याच बंदरात घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर एक स्पीडबोट आदळली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. त्यानंतर लाइफ जॅकेटच्या सक्तीवर हसण्यासारखे काही उरलेले नाही.

टक्कर होणार की नाही, हे ओळखण्याची रीत बाकावर बसूनही आजमावता येते. लाँच सरळ रेषेत चाललेली असावी. लांबून येणारा एखादा टग कठड्याच्या कोणत्या खांबाआड दिसतो ते पाहावे आणि डोके न हलवता बसून राहावे. टग त्या खांबाच्या पुढे सरकला तर तो पुढून जाईल, मागे पडला तर मागून. तो त्याच खांबाला चिकटून नुसता मोठा होऊ लागला, तर प्रकरण गंभीर आहे. सारंग हेच काम होकायंत्राने किंवा सरावलेल्या नजरेने करतो. फार मोठे जहाज असेल किंवा अंतर फारच कमी असेल, तर दिशा बदलताना दिसूनही धोका टळलेला नसतो, अशी पुरवणीही नियमाला जोडलेली आहे.

दोन यांत्रिक नावा समोरासमोर आल्या की दोघींनी उजवीकडे वळायचे. दोघी एकमेकींच्या डाव्या बाजूने निघून जातात. जमिनीवर डावीकडून चालणाऱ्या भारतीय प्रवाशाला इथेच पहिला धक्का बसतो, आणि सारंग ‘राँग साइड’ने जात असल्याची बातमी डेकवर पसरते. वळण मात्र चांगले ठसठशीत हवे, समोरच्याला लांबून कळेल असे. थोडे थोडे वळत राहणे नियमाला मंजूर नाही. बोळात समोरासमोर आलेली दोन सभ्य माणसे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकत शेवटी एकमेकांच्या छातीवर आदळतात. समुद्रावर हा सभ्यपणा शेकडो टनांचा असतो.

वाटा एकमेकींना छेदत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी नाव आहे, तिने बाजूला व्हायचे, आणि शक्यतो पुढून न जाता मागून. रात्रीसाठी याची सोय दिव्यांतच केलेली आहे. प्रत्येक नावेच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा. उजवीकडून येणारीचा लाल दिवा दिसतो, म्हणजे थांबा. जिला हिरवा दिसतो, तिने चालत राहावे.

हे चालत राहणे हाच सगळ्या नियमावलीतला सर्वांत अवघड भाग. तिने दिशा बदलायची नाही आणि वेगही बदलायचा नाही, कारण बाजूला होणारी तिच्याच भरवशावर आपला हिशेब मांडत असते. समोरची सरकत नाही असे दिसू लागले की स्वतः हालचाल करायची मुभा मिळते, आणि समोरच्या एकटीच्या हालचालीने टक्कर टळणार नाही इतक्या जवळ दोघी आल्या की तीच मुभा सक्ती होते. तोवर गप्प राहायचे. वरच्या डेकवर एक तज्ज्ञ असतोच. ‘आपण का सरकायचे? आपली बाजू बरोबर आहे,’ असे तो अर्धा तास सांगत असतो. बाजू बरोबर असणे आणि शेवटच्या क्षणी सरकणे, ही दोन्ही एकाच नियमाची कलमे आहेत हे त्याच्या गावी नसते.

मागून येऊन पुढे जाणाऱ्यावर तर सगळीच जबाबदारी. शनिवारी सकाळी अलिबागच्या बंगल्याकडे निघालेली स्पीडबोट लाँचला मागे टाकते, तेव्हा पूर्ण पुढे निघून अंतर पडेपर्यंत लाँचपासून दूर राहण्याचे काम तिचेच. ती पूर्ण पुढे निघून जाते, अंतरही पाडते. तिची लाट मात्र मागे राहते आणि खालच्या डेकवरच्या मंडळींच्या मांडीवर येऊन बसते.

कोणी कोणाला मान द्यायचा, याची उतरंडही ठरलेली आहे. इंजिनाची नाव शिडाच्या नावेला वाट देते आणि दोघीही जाळी टाकलेल्या मच्छीमार नावेला. सर्वांत वर असते जिचा ताबा सुटला आहे ती, म्हणजे सुकाणू मोडलेली किंवा इंजिन बंद पडलेली. ती दिवसा दोन काळे गोळे एकावर एक टांगते, रात्री दोन लाल दिवे, आणि सगळे बंदर तिच्याभोवती वळसा घालते. स्वतःवरचा ताबा सुटला म्हणून इतका आदर मिळण्याची सोय जमिनीवर नाही.

मात्र जहाजांच्या वाटेत, अरुंद खोल पाण्यात, ही उतरंड बरीचशी उलटते. न्हावा शेवाकडे जाणारे तीनशे मीटरचे कंटेनर जहाज त्या खोल वाटेबाहेर पडले तर गाळात रुतेल. म्हणून वीस मीटरपेक्षा लहान नावेने, शिडाच्या नावेने आणि मासेमारी करणाऱ्यानेही त्याच्या आड येऊ नये, असे नववा नियम सांगतो. आडवी पार होणारी लाँचही त्यात आली. शिवाय रचलेल्या कंटेनरांमुळे जहाजाच्या नाळेपुढचे पाचशे मीटरपर्यंतचे पाणी जहाज चालवण्याच्या कक्षातून दिसले नाही, तरी ते कायद्यात बसते. म्हणजे लाँच तिथे असली तर ती जहाजाच्या दृष्टीने कदाचित नसतेच. सारंग अशा वेळी वेग कमी करून जहाजाच्या मागून जातो. तज्ज्ञ त्याला ‘घाबरला’ म्हणतात.

धुक्यात मानपान संपतात. एकमेकांना न दिसणाऱ्या नावांत सरळ चालणारी अशी कोणी नसते. सगळ्यांनीच वेग कमी करायचा आणि यांत्रिक नावेने चालताना दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा वाजवत राहायचे. एवढे सगळे पाळूनही टक्कर झाली, तर ‘मी नियमाने वागत होतो’ हे उत्तर पुरत नाही. दुसऱ्याच नियमात लिहिले आहे की खलाशाची साधी सावधगिरी चुकली तर त्यातून कोणाची सुटका नाही, आणि समोरचा धोका टाळायला नियम मोडणे भाग असेल तर तो मोडावा. हे शेवटचे कलम डेकवरच्या तज्ज्ञांना फार आवडते. पण ते वापरण्याआधी बाकीचे सगळे पाठ असावे लागतात, आणि तोवर मांडव्याचा धक्का येऊन मंडळी अलिबागच्या बसमध्ये खिडकी पकडायला पळालेली असतात.