निवांत मामा

मूर्तिजापुरात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की घरात दोघं जन्माला येतात, एक लेकरू आणि एक मामा. लेकरू पहिल्या दिवसापासून झोपतं. मामा पहिल्या दिवसापासून कोणाला झोपू देत नाही.

मामाचं वय सव्वीस-सत्तावीस. एमपीएससीचा अभ्यास चालू आहे असं घरचे सांगतात. नाहीतर वडील जेवायला गेले की तेवढ्यापुरता कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसतो. आजवर घरातलं एकही काम त्याच्यावर सोपवलेलं नाही, आणि न सोपवणाऱ्यांना त्याची कारणं ठाऊक आहेत. भाच्याच्या फोटोंचं मात्र त्यानं स्वतःहून अंगावर घेतलेलं असतं. मोबाइलवर त्यानं सगळं पाहून ठेवलंय. पांढरी चादर, कोवळं ऊन, हसरी आई, लेकराच्या कपाळावर ओठ टेकवलेला बाप, आणि कोणाचंच कॅमेऱ्याकडे लक्ष नाही. "काहीच करा लागत नाही," तो सांगतो. "आपण निवांत बसाचं. फोटोवाला त्याचं त्याचं काढत राह्यते."

ह्या निवांतपणाची तयारी चौथ्या दिवशी सुरू होते. फोटोवाला मामाचाच मित्र, एरवी लग्नं करतो. तो सांगतो, पहिल्या दोन आठवड्यांत काढलेले फोटो चांगले येतात. तोवर लेकरू पोटातल्यासारखं अंग आखडून गाढ झोपतं, पुढं चेहऱ्यावर बारीक पुटकुळ्याही येतात. म्हणजे बारशाच्या आधीच उरकायला हवं. लेकराची नाळ अजून पडायची आहे आणि मामा तारखा देतोय. जिला टाके पडलेत तिला कोणी विचारत नाही, कारण सगळं तिच्याचसाठी चाललेलं असतं.

पूर्वी ही घाई नव्हती. लेकरू मान धरू लागलं की स्टुडिओत न्यायचं, रंगवलेल्या पडद्यापुढं उघडंच पालथं टाकायचं आणि पडद्याआडून आईनं खुळखुळा वाजवायचा. तो फोटो पुढं लग्नानंतर सुनेला दाखवून पोराची जिरवायच्या कामी यायचा.

मामाकडं यादी आहे, ती थंड मुलखातल्या लोकांनी केलेली. खोली उबदार ठेवा, सव्वीस-अठ्ठावीस अंश, गरज पडल्यास हीटर लावा. महिना मे, बाहेर सावलीत पंचेचाळीसच्या आसपास. मामानं शेजारी हीटर मागितला. आबाजींनी एकदा कूलरकडं पाहिलं, एकदा मामाकडं पाहिलं आणि ते उठून निंबाखाली जाऊन बसले. यादीत पुढं होतं, लेकराला झोप लागावी म्हणून एकसुरी आवाज लावा. मामानं मोबाइलवर समुद्र उतरवून घेतला. कूलरच्या घरघरीत जन्मल्यापासून गाढ झोपणारं ते लेकरू समुद्र ऐकून दचकून उठलं.

मग मामानं फोटोसाठी शकुंतला रेल्वे काढली. कूलरच्या खोक्याचं इंजिन, त्यावर पाटी 'मूर्तिजापूर–अचलपूर', डब्यात भाचा. 76 किलोमीटरला चारेक तास घेणारी ती गाडी ह्या गावानं पाहिली आहे, निवांतपणा आम्हाला कोणी मोबाइलवरून शिकवू नये. 1921 साली मँचेस्टरात घडवलेलं तिचं कोळशाचं इंजिन आबाजींनी 1994 पर्यंत धावताना पाहिलेलं. ते एवढंच म्हणाले, "ते गाडी बंद पडली बाप्पा. लेकराले तिच्यात काऊन बसवतं?"

फोटो 'नॅचरल' यावेत म्हणून मामा खोलीतून जे जे नॅचरल ते बाहेर काढतो. लोखंडी कपाट, गाद्यांची चवड, डिंकाच्या लाडवांचा डबा, वाळत घातलेली बाळोती, बी-बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर. आजी त्याच्या हाती झाडू देते. गाडगेबाबांचं दापुरा ह्याच तालुक्यातलं, आणि ते, म्हणजे तेव्हाचे डेबूजी, मामाकडंच वाढले, हे तिला नेमकं तेव्हा आठवतं. "त्या मामाचा भाचा खराटा घेऊन मुलूखभर फिरला. तू मामा हायेस, तं निदान पलंगाखालचं झाड."

खिडकीवरून खरं रण पेटतं. फोटोवाल्याला उजेड हवा. आजी म्हणते, बाळंतिणीले वारं लागते. शेवटी खिडकी उघडली जाते, पण आजी खिडकीतच बसते.

मामाचा जीव एका फोटोत अडकलेला असतो, तान्हं लेकरू हनुवटी दोन्ही तळहातांवर टेकवून बसलंय असा. फोटोवाला सांगतो, असं लेकरू बसत नसते. एकदा कोणीतरी डोकं धरते, एकदा मनगटं धरते, आन मग दोन फोटो जोडून धरणाऱ्याचे हात पुसतात. आपल्याकडं तो धंदा नाही. नवरदेव घोड्यावरून पडला तरी फोटो काढणारा हा माणूस इथं मात्र मागं सरतो, आणि माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणात तेवढा एकच जण शहाणा ठरतो.

तिटीचाही तह होतो. डोळ्यांत काजळ नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. गालावरची तीट फोटो बिघडवते, असं मामाचं म्हणणं. आजी पुष्कळ तणतणते आणि तीट तळपायाला लागते. नंतर कळतं, अशा फोटोंमध्ये सगळ्यात जवळून काढतात ते लेकराचे तळपायच. मोठा करून भिंतीवर लावलेला फोटो तोच, रुपयाएवढ्या काळ्या टिक्क्यासकट. येणाऱ्या-जाणाऱ्याला आजी आधी तो दाखवते.

बाकी फोटोंमध्ये सगळे श्वास धरून निवांत बसलेले दिसतात. एकच फोटो खरा उतरलाय. लेकरू छातीशी, आई बसल्या बसल्या पेंगलेली, पदर अस्ताव्यस्त. तेव्हा मामा सेफ्टी पिना आणायला गेला होता.

तेव्हा मूर्तिजापुरात कोणाच्या घरी हा बेत असेल तर लेकराला पोटभर पाजा, खिडकी अर्धी उघडा, आणि मामाला सकाळच्या गाडीनं अकोल्याला असं काहीतरी आणायला पाठवा जे तिथं मिळत नाही.