उधारीचा उजेड

आमच्या दादांनी उभ्या आयुष्यात विजेचं बिल शेवटच्या तारखेआधी कधी भरलं नाही आणि शेवटची तारीख कधी चुकवलीही नाही. त्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायचा, बिलाची चौपदरी घडी वरच्या खिशात ठेवायची, सुटे पैसे मोजून घ्यायचे आणि रांगेत जाऊन उभं राहायचं. लग्नाला निघाल्यासारखे निघायचे. "वीज वापरून झालेली आहे. पैसे अजून आपल्याकडे आहेत. मग ते जितके दिवस आपल्याकडे राहतील तितके राहू द्यावेत," असं त्यांचं अर्थशास्त्र. वाण्याची वही गेली, दूधवाल्यानं दारावर क्यूआर कोड आणला, पेपरवालासुद्धा वर्षाचे पैसे एकदम मागायला लागला. मध्यमवर्गीय माणसाला अब्रूनं करता येईल अशी एकच उधारी उरली होती, ती म्हणजे विजेची.

त्यामुळे पाटण्याच्या आमच्या साडूंनी फोनवर जेव्हा सांगितलं, की "आमच्याकडे आधी पैसे, मग वीज. आणि वर तीन टक्के सूट!" तेव्हा दादा एवढंच म्हणाले, "सूट देऊन पैसे आधी मागतोय म्हणजे कुणाला तरी घाई आहे. ती आपल्याला नाही."

साडू बँकेत अधिकारी. बढतीवर पाटण्याला बदली झाली आणि त्यांच्या नशिबी प्रीपेड मीटर आलं. बिहारनं हे स्मार्ट प्रीपेड मीटर घरोघरी बसवायला 2019 मध्येच सुरुवात केली होती. पुढे 2021 मध्ये केंद्रानं देशभर 25 कोटी बसवायची योजना जाहीर केली. म्हणजे ह्या एका बाबतीत पाटणा पुण्याच्या पुढे होतं, आणि साडू ते मला दर फोनला ऐकवत. मेहुणीच्या आग्रहाखातर 2024 च्या मे महिन्यात आम्ही पाटण्याला गेलो तो लिची खायला, पण माझा छुपा हेतू मीटर बघण्याचा होता.

मीटर म्हणजे जिन्यातला एक पांढरा डबा. त्यात बघण्यासारखं काही नाही. बघण्यासारखे झाले होते ते साडू. पूर्वी सकाळी उठून ते पेपर वाचत, आता फोनवर शिल्लक वाचतात. एसीचा रिमोट त्यांच्या शर्टाच्या खिशात असतो, आणि शर्ट बदलला की पेनाच्या आधी रिमोट नव्या खिशात जातो. दुसऱ्या दिवशी चहा घेताना ते फोनवर नजर ठेवून म्हणाले, "काल 118 रुपये गेले."

"बरेच गेले," मी म्हणालो.

"एरवी 70 जातात." मग जरा थांबून, "नाही, तुम्ही आलात ना, म्हणून."

पाहुणा देवासारखा हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण देवाचा दिवसाचा आकार 48 रुपये पडतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नेहमीच्या बिलात पाहुणे विरघळून जातात. महिनाअखेरीला आकडा फुगलेला दिसतो, पण मावशीमुळे फुगला की इस्त्रीमुळे, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तर नाती टिकतात. प्रीपेडमध्ये पाहुण्याची रोजची पावती निघते. बायकोनं त्या दिवसापासून केस वाळवायचं यंत्र बॅगेतून काढलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मेहुणी मिक्सरमध्ये आंब्याचा गर फिरवत होती. जिन्यात 'टक्' असा आवाज झाला. मिक्सर थांबला, पंखा रेंगाळत रेंगाळत थांबला, फ्रिजनं एक उसासा टाकला. घरात एकदम इतकी शांतता, की खालच्या फेरीवाल्याचं प्रत्येक अक्षर कळायला लागलं. दोघी बहिणींनी माझ्याकडे पाहिलं. दिवसाला 48 रुपयांचा आरोपी समोरच बसला होता.

साडू बँकेत, मीटिंगमध्ये, फोन बंद. रिचार्ज करायचा तर इंटरनेट हवं, आणि वायफायचा डबा विजेवर. माझ्या फोनमध्ये सहा टक्के जीव, चार्जर भिंतीत निरुपयोगी लटकलेला. ग्राहक क्रमांक मेहुणीला ठाऊक नाही. तो मीटरवर असेल म्हणून मी स्टुलावर चढून फोनच्या टॉर्चनं बघायला लागलो, तर टॉर्चनं सहाचे चार केले. शेवटी बायकोच्या फोनवरून माझ्या खात्यातले 1000 रुपये भरले. पैसे गेल्याचा संदेश क्षणात आला. वीज यायला आठ मिनिटं लागली. त्या आठ मिनिटांत बेचाळीस अंशांच्या पाटण्यात मी घामाच्या धारा पुसत उधारीचं मनोमन गुणगान केलं. आमची वीज कंपनी कशीही असो, आधी कागद पाठवते, मग नोटीस पाठवते, मग माणूस पाठवते. त्या माणसाला चहा विचारता येतो. 'टक्'ला चहा विचारता येत नाही.

संध्याकाळी साडूंनी अगदी अगत्यानं पैसे परत केले. मोजले तर 970.

"तीन टक्के सूट आहे ना," ते म्हणाले. "हिशोब तो हिशोब."

सूट मीटरला, कपात माझ्या पाकिटाला, आणि याला साडू हिशोब म्हणतात. बँकेनं त्यांना बढती का दिली हे मला तेव्हा समजलं. परतीच्या गाडीत बायको लिची सोलत होती आणि मी वहीत आकडेमोड करत होतो, कारण त्या तीस रुपयांनी मला पेटवलं होतं. हा व्यवहार खरोखर फायद्याचा आहे की नाही, याचा एकदाच सोक्षमोक्ष लावायचा.

साडूंची सूट माझ्या बिलावर बसवून पाहिली. बिल धरलं महिन्याला 2500. तीन टक्के म्हणजे 75 रुपये. छान. पण उधारीत मी आधी वापरतो आणि सरासरी पाच आठवड्यांनी पैसे देतो. प्रीपेडमध्ये सरासरी पंधरा दिवस आधी देणार. म्हणजे माझे पैसे पन्नास दिवस लवकर घराबाहेर पडणार. बचत खात्यावर व्याज तीन टक्क्यांच्याही आत, तेव्हा नुकसान नऊएक रुपयांचं. उरले 66. आता अनामत. 2003 च्या वीज कायद्याच्या 47व्या कलमानुसार प्रीपेड मीटर घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. म्हणजे माझी दोन महिन्यांच्या बिलाएवढी, 5000 रुपयांची ठेव परत मिळणार. मी गाडीत जवळजवळ टाळी वाजवली. मग आठवलं, की त्याच कलमाप्रमाणे ठेवीवर निदान बँक रेटनं व्याज द्यावं लागतं, आणि तो तेव्हा होता 6.75 टक्के. माझ्या बचत खात्यापेक्षा दुपटीहून जास्त! अनामत घरी आली की ती बचत खात्यात लोळणार आणि महिन्याला सतराएक रुपये बुडवणार. बाकी राहिले 49.

महिन्याला 49 रुपयांसाठी खिशात रिमोट, सकाळी शिल्लकवाचन आणि पाहुण्यांशी वैर. मी वहीत खाली दोन रेघा मारल्या.

पुण्यात आलो तर सोसायटीत हाच वणवा. प्रीपेड येणार, मध्यरात्री अंधार होणार, मीटर पळणार, एकाच्या मते तर मीटर आपलं बोलणं ऐकणार. मी चार पानी तक्ता केला, झेरॉक्स काढल्या, सर्वसाधारण सभेत उभा राहिलो. अनामतीपर्यंत पोहोचलो होतो, एवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी फोन वर धरून ओरडलं, "रद्द! घरगुतीला प्रीपेड नाही!" जून 2024. राज्य सरकारनं सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचं जाहीर केलं होतं. सभेत टाळ्या पडल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या. माझ्या तक्त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सेक्रेटरींनी पुढे वर्षभर पाण्याच्या टँकरचा हिशोब लिहिला.

पण एवढा अभ्यास वाया कसा घालवायचा? मी दादांच्या अर्थशास्त्राकडे वळलो. आमच्या बिलावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की सात दिवसांच्या आत भरलंत तर एक टक्का सूट. दादांनी त्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. मी मांडून दाखवलं. पैसे दोन आठवडे आधी दिल्याबद्दल एक टक्का, म्हणजे वर्षाला सव्वीस टक्के व्याज झालं! कुठली बँक देते? सूट कर आणि शुल्क वगळून मिळते हे खरं, पण तरी 2500 च्या बिलावर एकवीसएक रुपये. ऑनलाइन भरलं तर आणखी पाव टक्का. कागदी बिल नको म्हटलं तर दहा रुपये वेगळे. "दादा, तुम्ही इतकी वर्षं शेवटच्या तारखेला भरून तोटा केलात."

दादांनी चष्मा काढला. "आणि रांगेत जी माणसं भेटली, ती?"

याला तक्त्यात रकाना नव्हता.

2025 मध्ये स्मार्ट मीटर आलंच. फक्त प्रीपेड नाही, बिल नंतरच. आणि जुलैपासून नवी सूट सुरू झाली. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वापरलेल्या विजेला युनिटमागे 80 पैसे कमी, पुढे वाढत वाढत एक रुपयापर्यंत. दिवसा सूर्याची वीज मुबलक आणि स्वस्त, म्हणून. माझी जुनी वही पुन्हा निघाली. वॉशिंग मशीन दुपारी, इस्त्री दुपारी, मिक्सर दुपारी. आता राहिला गीझर. सकाळी सातला सगळ्यांच्या आंघोळी, म्हणजे सूट सुरू व्हायच्या नेमक्या दोन तास आधी! एका बादलीला अर्ध्या युनिटाच्या वर वीज लागते. म्हणजे माणशी पन्नास पैसे आपण रोज गटारात सोडत होतो.

"आंघोळ नऊनंतर," मी जाहीर केलं. "निदान रविवारी."

दादा म्हणाले, "आणि सूर्याला अर्घ्य?"

"वीज सूर्याचीच आहे, दादा. त्याला चालेल."

"त्याला चालेल. मला सहाला लागतं पाणी."

मध्यंतरी साडूंचा फोन आला. आवाज पडलेला. बिहार सरकारनं 1 ऑगस्टपासून घरगुती ग्राहकांना महिन्याला 125 युनिट फुकट केली होती. मी अभिनंदन केलं. "अहो, कसलं अभिनंदन," ते म्हणाले, "सकाळी फोन उघडावा तर आकडा पूर्वीसारखा हलतच नाही. करायचं काय दिवसभर?" रिमोट मात्र अजून खिशातच आहे म्हणाले. सवय.

परवाच्या रविवारी नऊला पाच कमी असताना बाथरूमच्या दाराशी आम्ही उभे होतो. मी, माझ्यामागे मुलगा, त्याच्यामागे मुलगी, प्रत्येकाच्या खांद्यावर टॉवेल, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. बायको गीझरच्या बटणावर बोट ठेवून. दादा सहालाच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला, आमच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं,

"रांग आहे? आज शेवटची तारीख वाटतं."