दोन टक्क्यांची परीक्षा

घरांच्या एजंटांची परीक्षा घ्यायचं सरकारने ठरवलं, तेव्हा नाशकात कुणाची झोप उडाली नाही. कारण नाशकात एजंट नसतातच. गंगापूर रोडला फ्लॅट दाखवतो तो ‘ओळखीतला’. पाथर्डी फाट्याला प्लॉट दाखवतो तो ‘आपलाच पोरगा’. आडगावकडे गुंठे मिळवून देणारे काका तर निवृत्त मुख्याध्यापक. ते समाजसेवा करतात आणि समाज त्यांना दोन टक्के देतो. घेणाराही देतो, विकणाराही देतो.

कायदा मात्र भोळा. २०१६च्या रेरा कायद्याला वाटतं, नोंदणी नसलेल्या एजंटाने नोंदणीकृत प्रकल्पातल्या घराचा व्यवहार जुळवू नये. जुळवलाच तर रोज १० हजार रुपये दंड, तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो. १ मे २०१७ रोजी या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण, महारेरा, सुरू झालं. एकट्या माणसाने १० हजार रुपये आणि कागदपत्रं भरली, की पाच वर्षांची निश्चिंती. मग जानेवारी २०२३मध्ये आदेश निघाला की नुसते पैसे भरून भागणार नाही, थोडं ज्ञानही लागेल. वीस तासांचं प्रशिक्षण आणि वर ऑनलाइन परीक्षा. परीक्षा घेणार आयबीपीएस, म्हणजे बँकांचे कारकून निवडणारी संस्था. एका वर्षाने, जानेवारी २०२४मध्ये, प्रमाणपत्र न मिळवणाऱ्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली. नोंदणी तेवढी स्थगित झाली, फोन चालूच राहिले.

आमची तक्रार अभ्यासक्रमाबद्दल आहे. चटई क्षेत्र म्हणजे काय, हे मुंबईच्या पेपरात ठीक. नाशिक केंद्राला स्थानिक प्रश्न हवेत. नमुन्यादाखल काही देतो.

प्रश्न १. ‘हायवेपासून फक्त पाच मिनिटं.’ ही मिनिटं कधी मोजली? (अ) पहाटे साडेतीनला. (ब) द्वारका चौक वगळून. (क) नकाशावर, बोटाने.

प्रश्न २. ‘बाल्कनीतून गोदावरी दिसते.’ ग्राहकाला यातलं काय सांगाल? (अ) निसर्गाचं सान्निध्य. (ब) निळ्या पूररेषेचं सान्निध्य. (क) सप्टेंबर २००८च्या पुरात गोदावरीतून बाल्कनी दिसत होती.

प्रश्न ३. ‘एनए होऊनच जाईल.’ कधी? (अ) महिनाभरात. (ब) साहेब बदलले की. (क) टोकन दिल्यावर विचारा.

प्रश्न ४. ‘कुंभमेळ्यानंतर भाव दुप्पट’ हे विधान २००३, २०१५ आणि २०२७ या तिन्ही सिंहस्थांना एकही शब्द न बदलता कसं लागू पडतं, ते हसू न येऊ देता सांगा.

गंमत अशी, की परीक्षा खरोखर मनावर घेणारेही आहेत. नोकरी सांभाळून रात्री अभ्यास करतात, पास होतात, दारावर महारेराचा क्रमांक लावतात. गिऱ्हाईक येतं. तिथे त्याला चटई क्षेत्राचा खरा आकडा कळतो, ताबा कधी मिळणार ते कळतं, प्रकल्पावर कर्ज किती तेही कळतं. एवढी माहिती फुकट मिळाल्यावर ते आभार मानतं आणि व्यवहार करायला काकांकडे जातं. काका अर्धा टक्का कमी घेतात, पावती देत नाहीत आणि चहा पाजतात. पुढे इमारत तिसऱ्या मजल्यावर अडली, की तेच गिऱ्हाईक विचारतं, ‘सरकार झोपलंय का?’

सरकार झोपलेलं नाही. महारेराच्या वेबसाइटवर एजंटाचं नाव टाकून नोंदणी तपासता येते, तीही घरबसल्या. पण नाव टाकायचं तर आधी ते विचारावं लागतं, आणि ओळखीतल्या माणसाला असलं काही विचारणं आपल्यात बरं दिसत नाही.

म्हणून पुढची परीक्षा ग्राहकांची घ्यावी. प्रश्न एकच: तुम्हाला घर दाखवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक काय? पर्यवेक्षक नेमायचीही गरज नाही. शेजारच्या बाकावरच्यालाही उत्तर येत नसेल.