टेबल पाडा, मग फी घ्या

“कढीपत्ता राहू दे वहिनी, आधी हे बघा,” म्हणत शेजारच्या वहिनींनी कंपाउंडच्या भिंतीवरून एक गुळगुळीत पत्रक माझ्या हातात कोंबलं. त्यांची लेक यंदा बीसीएस झाली. आता घरी बसून डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर व्हायचं म्हणते. पुण्यात ठेवायची तर खोलीभाडं, मेस, वर क्लास. त्यापेक्षा ऑनलाइन शिकू दे, असा भाऊजींचा हुकूम. भाऊजी एरवी गवारसुद्धा तीन गाड्या फिरून घेतात, पण इथे पंच्याऐंशी हजार भरायला एका पायावर तयार. पत्रकावर ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ छापलंय ना!

“नोकरी नाही लागली तर पैसे परत देणार का?”

“खाली बारीक अक्षरात आहे काहीतरी. चष्मा आत राहिलाय माझा.”

मी वाचलं. ‘नोकरी मिळवण्यास साहाय्य.’ म्हणजे बायोडेटा चार ठिकाणी पाठवणार, झालं.

“तुमची सून याच लाइनीतली ना? रात्री दोन-दोन वाजता वरच्या खोलीत दिवा दिसतो. मी आपली समजत होते, वेब सिरीज बघते.”

“कसली वेब सिरीज! ओरॅकलचे पॅच येतात वर्षातून चारदा. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. दिवसा बँकेचं काम थांबवता येतं का? मग बसा शनिवारी रात्री. ऑक्टोबरचा नेमका चकल्यांच्या घाण्यात येतो. मी काही बोलत नाही.”

“नाही हो, तुम्ही कुठे बोलता!” वहिनी म्हणाल्या. त्यात खोच होती, पण मी सोडून दिलं.

तेवढ्यात सून कपडे वाळत घालायला बाहेर आली. पत्रक हातात घेऊन तिने आधी मागची बाजू बघितली.

“काकू, हे ओरॅकलचं ११जी शिकवतायत. ही २००७ची आवृत्ती आहे. निदान १९सी तरी हवी. आणि सर्टिफिकेशनच्या परीक्षेची फी यात धरलीय का, तेही विचारा.”

“मग पोरीने करायचं काय?”

“थिअरीसाठी एवढे पैसे कशाला? ‘स्वयम्’ पोर्टलवर एनपीटेलचा डीबीएमएसचा कोर्स असतो, तो फुकट बघता येतो. परीक्षा द्यायची तरच हजार रुपये. आणि सिल्बरशाट्झ-कोर्थ-सुदर्शनचं पुस्तक तिच्याकडे असेलच. त्यातले सुदर्शन आपल्या पवईच्या आयआयटीतले.”

“पवईचे?” वहिनी खुलल्या. त्यांचा भाऊ चांदिवलीला राहतो.

“लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं, त्यावर पोस्टग्रेस. तेही फुकट. ओरॅकलचीसुद्धा फुकट आवृत्ती मिळते. दोन जीबी रॅम आणि बारा जीबी डेटा एवढीच मर्यादा, पण शिकायला पुष्कळ झालं. फक्त लॅपटॉपला सोळा जीबी रॅम घालून घ्या. आठमध्ये दोन व्हर्च्युअल मशिन एकदम चालवली की रखडतात.”

“आणि ते मायएसक्यूएल का काय?”

“तेही चालेल. त्याची गंमत माहितेय काकू? ते काढलं फिनलंडच्या मोंटी विडेनियसने. त्याच्या लेकीचं नाव माय, तेच दिलं. २००८मध्ये सन कंपनीने ते विकत घेतलं. पुढच्याच वर्षी सन ओरॅकलच्या हाती जाणार असं दिसल्यावर याने त्याच कोडवरून वेगळं काढलं, मारियाडीबी. मारिया म्हणजे धाकटी लेक.”

“अगबाई! आणि मुलगा?”

“आहे की, मॅक्स. त्याच्या नावाचं मॅक्सडीबी.”

“बघा! तिघांनाही सारखं. नाहीतर आमचे मामंजी. सगळं थोरल्याच्या नावावर करून गेले.” यावर दहा मिनिटं गेली. ती मी इथे देत नाही, भिंत सामाईक आहे.

सुनेने गाडी रुळावर आणली. “सिलेक्ट-इन्सर्ट कुणीही शिकवतं, काकू. बॅकअपवरून परत उभं करायला शिकवतात का, ते बघा. २०१७च्या ३१ जानेवारीला गिटलॅब कंपनीत एका इंजिनिअरने रात्री चुकीच्या सर्व्हरवर डेटाची डिरेक्टरी पुसली. तीनशे जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, एकही धड निघेना. एक तर बरेच दिवस फेलच होत होता, आणि फेल झाल्याच्या ईमेल कुणाला पोचतच नव्हत्या. सहा तास आधी कुणीतरी हाताने घेतलेली कॉपी सापडली म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.”

“त्याची नोकरी गेली असेल बिचाऱ्याची.”

“नाही गेली. उलट कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. म्हणून म्हणते, क्लासवाल्यांना सांगा: डेमोत तीन वाजून सतरा मिनिटांनी एक टेबल उडवा आणि तीन सोळापर्यंतचा डेटा परत आणून दाखवा. लेकीनेही घरी हेच करायचं. मुद्दाम पाडायचं, उभं करायचं, हात बसेपर्यंत. आणि लागलीच मोठ्या पगाराची आशा नको. फ्रेशरच्या हाती कुणी बँकेचा डेटाबेस देत नाही. आधी सपोर्टच्या शिफ्टा, अलर्ट बघत बसायचं.”

“रात्रीच्या?”

“रात्रीच्याही.”

वहिनी तडक कामाला लागणाऱ्या. तिथेच भिंतीवर मोबाइल ठेवून स्पीकरवर क्लासला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलायची. आजच भरलं तर दहा टक्के सूट, मॅडम.

“ते असू दे. डेमोत टेबल पाडून परत आणून दाखवाल का?”

“पाडून…? मॅडम, रिकव्हरी आपल्या बेसिक बॅचमध्ये नाहीये. ती ॲडव्हान्सला.”

“त्याची फी यातच?”

“नाही मॅडम, ती वेगळी. चाळीस हजार.”

वहिनींनी फोन बंद केला आणि घराकडे तोंड करून हाक मारली, “अहो, लॅपटॉपची रॅम कुठे मिळते हो आपल्याकडे?”