‘जवळजवळ नवी’ गाडी विकणाऱ्या मॅनेजरसाहेबांना अनावृत पत्र

माननीय सेल्स मॅनेजरसाहेब,

स. न. वि. वि.

आपल्या शोरूमचं नाव इथे घेत नाही. पुण्यात काचेच्या इमारती पुष्कळ, तेव्हा आपली ओळख सुरक्षित आहे. आपण मला देऊ केलेली डेमो एसयूव्ही आणि तिचा ‘एकदम फायनल’ भाव यांबद्दल थोडं लिहायचं होतं. तोंडीच सांगितलं असतं, पण आकडा सांगताना आपण आवाज इतका खाली नेता की समोरच्याला मोठ्याने बोलणं असभ्य वाटू लागतं.

गाडीचं वय विषयानुसार ठरवण्याची आपली पद्धत मला फार आवडली. किमतीचा विषय निघाला की ती ‘नवीच आहे सर’. मागच्या डाव्या अलॉयवरच्या ओरखड्याकडे बोट दाखवलं की ‘डेमो आहे ना सर, एवढं चालायचंच’. वॉरंटी विचारली तर ती पासिंगच्या तारखेपासून, म्हणजे मे २०२५ पासून, केव्हाच चालू झालेली. आणि रोड टॅक्सचा हिशेब आला की गाडी जणू काल संध्याकाळी आरटीओतून सुटून आली! माणसांच्या बाबतीत ही सोय असती तर आमच्या सोसायटीतल्या निम्म्या ज्येष्ठ नागरिकांनी ती घेतली असती.

आपण दिलेला कागद मी घरी नेऊन नीट वाचला. जाड, गुळगुळीत कागद आहे, लग्नपत्रिकेला शोभेल. त्यावर ‘मूळ किंमत १ कोटी, विशेष सूट १० लाख, आपल्यासाठी फक्त ९० लाख’ असं सोनेरी अक्षरांत आहे. यातला ‘मूळ’ हा भाग मला खटकला. गाडी आपण घेतली तेव्हा तिच्यावर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस, असा ५० टक्के कर होता. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलची ५६ वी बैठक झाली आणि २२ सप्टेंबरपासून या गाड्यांवरचा सेस जाऊन कर ४० टक्के झाला. जी गाडी तेव्हा १ कोटीला होती, तीच करकरीत नवी, सीटवरचं प्लास्टिकही न काढलेली, आज ९३ लाख ३३ हजारांना मिळते. म्हणजे आपली १० लाखांची सूट प्रत्यक्षात ३ लाख ३३ हजारांची आहे. उरलेली अर्थमंत्री निर्मलाबाईंनी दिली. त्यांच्या हातचं दान आपण आपल्या नावाने वाटता, तेव्हा निदान त्यांचा फोटो तरी त्या कागदावर छापायला हवा होता.

‘आम्ही पण तेवढा टॅक्स भरलाय सर,’ असं आपण डोळ्यांत पाणी आणून म्हणालात. मला खरंच वाईट वाटलं. मग डेमो गाड्यांवरचं इनपुट टॅक्स क्रेडिट डीलरला मिळू शकतं, असा खुलासा करणारं १० सप्टेंबर २०२४ चं सरकारी परिपत्रक वाचलं आणि वाईट वाटायचं थांबलं. क्रेडिट घेतलं असेल तर गाडी विकताना पूर्ण किमतीवर पुन्हा जीएसटी भरावा लागतो, हे मला ठाऊक आहे. तो भराच. पण मग आधीच्या कराचं सुतक माझ्याकडून पाळून घेऊ नका.

आता रोड टॅक्स. आपण ९० लाखांच्या खाली बारीक अक्षरांत ‘रोड टॅक्स परतावा १० लाख’ असं लिहिलंय. इथे आपली बाजू अगदीच लंगडी नाही, हे कबूल करतो. नवी डिझेल गाडी माझ्या नावावर घेतली तर महाराष्ट्रात मला १५ टक्के भरावे लागतील आणि ते माझे वाचतात. पण आपण गाडी कंपनीच्या नावावर पासिंग केली, म्हणून २० टक्के बसले. ती हौस आपली. शिवाय आरसीवर मी दुसरा मालक होणार. उद्या मी विकायला काढली की समोरचा पहिला प्रश्न विचारेल, ‘सेकंड ओनर ना?’ आणि तेवढ्याने दोन-तीन लाख पाडून मागेल. त्या वेळी आपण आवाज खाली करून त्याची समजूत घालायला येणार आहात का?

आणि गाडी फारशी बाहेर गेलीच नाही, हे आपलं आवडतं वाक्य. ‘शोरूम ते बाणेर, बाणेर ते शोरूम. कस्टमरला राऊंड मारून आणायचा, बस.’ आपल्यावर विश्वास ठेवणार होतो, पण गाडी जरा बोलघेवडी निघाली. तिच्या स्क्रीनवर ब्लूटूथला जोडलेल्या फोनांची यादी उघडली तर एखाद्या वर्गाची हजेरी वाटावी इतकी नावं. त्यांत एक ‘पिंट्या नवा फोन’ आणि एक ‘दाजी’. दाजींना टेस्ट ड्राइव्ह दिली असेल, तर आपल्या घरोब्याचं कौतुकच आहे. नेव्हिगेशनच्या जुन्या नोंदींत पाचगणी, महाबळेश्वर आणि वाईचं एक मंगल कार्यालय. बॉनेटच्या कडेला फुलांच्या माळा चिकटवलेल्या टेपचा डिंक अजून हाताला लागतो. बाणेरला जायला खंबाटकी घाटाचा रस्ता आपण कधी शोधून काढलात, कळवावं. आम्ही उगाच विद्यापीठ चौकात अडकतो.

त्याहून बोलका निघाला पुढचा डावा टायर. बाकी तिघांच्या बाजूला ‘०९२५’ असे आकडे आहेत, म्हणजे २०२५ च्या नवव्या आठवड्यातले. हा ‘४२२५’. मे महिन्यात पासिंग झालेल्या गाडीच्या पायात ऑक्टोबरमध्ये जन्मलेला टायर! आतून बघितलं तर त्याच चाकाच्या रिमला कडेशी बारीक चेप. खड्डा कुणाचा होता, यावर मी वाद घालणार नाही. तो सार्वजनिक असतो. पण विम्याच्या क्लेमचा उतारा आणि वर्कशॉपची जॉबकार्डं मागितली तेव्हा आपण कॉफी मागवलीत. कॉफी छान होती. कागद अजून आलेले नाहीत.

बैलबाजारात व्यापारी रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव करतात. आपण रुमालाऐवजी कॅल्क्युलेटर वापरता. आकडा टाइप करायचा, यंत्र माझ्याकडे वळवायचं, मी मान हलवली की ‘वर विचारून येतो’ म्हणत काचेच्या केबिनमध्ये जायचं. काच पारदर्शक आहे, साहेब. आत कुणीच नसतं. आपण खुर्चीत बसून मोबाइल बघता आणि चेहरा पाडून बाहेर येता. एवढी मेहनत वाया जाऊ नये, म्हणून ही सूचना: निदान पडदा तरी लावा.

मीही काही साधुसंत नाही. मार्च उजाडलाय, डेमो गाड्यांवरही बँकेचं व्याज चढतं आणि नवं मॉडेल येण्याआधी जुनी डेमो काढून टाकायची घाई असते, हे हेरूनच मी आलोय. आपल्या आरसीवर बँकेचा बोजाही दिसतो. तेव्हा व्यवहार झालाच तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय माझा चेक निघणार नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करायला मी पेन घेऊन येईन. सिरॅमिक कोटिंग, पायपुसणी आणि लोगो असलेली छत्री यांचा ‘फ्री पॅक’ आपण दाजींना द्यावा. मला त्याऐवजी चौथ्या वर्षाची वॉरंटी द्या. ती आपल्याला छापील किमतीपेक्षा स्वस्तात पडते, आणि तिच्यात घासाघीस करायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

राहिला भाव. सहा महिने ते एक वर्ष वयाच्या गाडीची किंमत धरताना विमा कंपन्या १५ टक्के घट लावतात. ती आजच्या ९३ लाख ३३ हजारांवर लावली की ७९ लाख ३३ हजार येतात. वाचलेल्या रोड टॅक्सपोटी त्यात ४ लाख मिळवतो. टायर, रिम, अलॉय, वॉरंटीचे गेलेले महिने आणि सेकंड ओनरचा शिक्का यांपोटी ४ लाख वजा करतो. परत ७९ लाख ३३ हजारच. वर एक टक्का टीसीएस लावा, तो मी आयकर विवरणपत्रात वळता करून घेईन.

यातले वरचे ३३ हजार आपण सोडायचे आहेत. सूट द्यायची हौस आपली, माझी नव्हे.

हा भाव ३१ मार्चच्या संध्याकाळपर्यंत लागू राहील. वर विचारून कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गिऱ्हाईक

ता. क. – ब्लूटूथच्या यादीतून ‘दाजी’ काढू नका. गाडी घेतली तर एकदा फोन लावून विचारीन म्हणतो, घाटात मायलेज काय देते.