डिग्री हाती आली की

पांढरकवड्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीकविमा, तलाठी भरती, पोलीस भरती, नॉन-क्रिमिलेअर, म्हणाल तो अर्ज भरून मिळतो. इतकी वर्षं हेच करतोय की, गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की आधी त्याची जन्मतारीख आठवते, नाव मागाहून. बाहेरगावच्या माणसाला शिकवावं लागतं, की गाव पांढरकवडा असलं तरी तालुक्याच्या रकान्यात केळापूरच निवडायचं. असे हजारो अर्ज या बोटांखालून गेले. एकच अजून जायचा आहे. तो कॅप्टनचा.

कॅप्टन हे त्याचं नाव नव्हे. आमच्याकडे पायलट म्हटलं की १०८ नंबरच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. सरकारी भाषेतही त्याला पायलटच म्हणतात. त्याच्याशी गल्लत नको म्हणून याला गावानं थेट बढती दिली. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन तो पास झाला, त्या दिवसापासून त्याला विमान कंपनीत अर्ज करायचाच आहे. फक्त वेळ साधायची आहे.

त्याची निळी फाईल मी पाठ म्हणून दाखवीन. दहावी, बारावी, टीसी, डोमिसाइल, सगळ्याच्या तीन-तीन प्रती. कागद पिवळा पडला की नव्यानं काढतो. त्याच्या स्वप्नावर माझ्या झेरॉक्स मशीनचा एक ड्रम तरी निघाला असेल.

आता खरी गोष्ट अशी की, आपल्याकडे कमर्शियल पायलटच्या लायसन्सला डिग्री लागतच नाही. वय अठरा पूर्ण, बारावीला फिजिक्स-गणित, क्लास वन मेडिकल, डीजीसीएचे म्हणजे विमान खात्याचे पेपर आणि दोनशे तासांचं उड्डाण. बस. हे मला कोणी सांगितलं? कॅप्टननंच. पेपरला सत्तर टक्के लागतात, रेडिओची परीक्षा वेगळी असते, हेही त्यानंच सांगितलं. त्याला माहीत नाही असं या विषयात काही नाही.

“मंग डिग्रीसाठी काऊन थांबला बे?” मी एकदा विचारलं.

त्यानं माझ्याच टेबलावरची पावती उलटी करून मला हिशेब मांडून दाखवला. मेडिकलला मुदत असते. पास केलेल्या पेपरला मुदत असते. फोटोही सहा महिन्यांच्या आतला लागतो. म्हणजे जे जे आधी करून ठेवावं ते ते शिळं होतं. कधीच शिळी न होणारी गोष्ट एकच, डिग्री. म्हणून आधी ती. “अन् कंपनी बुडाली तर? हातात डिग्री तर राह्यते!” पावतीवरच्या हिशेबात चूक काढता येईना. ती पावती एका शेतकऱ्याच्या सातबाराची होती, ती मात्र मला पुन्हा छापावी लागली.

पैशाचा रकाना त्या हिशेबात नव्हता. दोनशे तास उडायला कितीतरी लाख लागतात, आणि घरी सहा एकर कोरडवाहू. तो विषय निघाला की कॅप्टन हवामानावर बोलायला लागतो. मीही ढगांबद्दल विचारतो.

हवामानाचं मूळ मात्र घरातच आहे. त्याचे वडील धूळपेरणीवाले. मृग लागायच्या आधीच कोरड्या मातीत सरकी टोबून मोकळे. पाऊस वेळेवर आला तर सगळ्यांच्या आधी कपाशी वर. नाही आला तर बियाणं मातीत आणि काकाजी पुन्हा कृषी केंद्राच्या दारात. दुबार पेरणीची उधारी आणायला लहानपणी कॅप्टनच जायचा. बापानं दरसाल घाई केली, पोरानं त्या सगळ्या वर्षांचं एकदम उट्टं काढलं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला त्याचा गणिताचा एक पेपर राहिला. साल २०१२. ऑक्टोबरात किंगफिशरची विमानं जमिनीवर आली. कॅप्टन वर्तमानपत्र घेऊन दुकानात धावत आला, चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद. “पाह्यलं? गणित निघालं असतं तर म्या तिथंच अर्ज टाकला असता. आज बिनपगारी असतो.” मी त्याला आठवण करून दिली की तो आजही बिनपगारीच आहे. “पण फसलो तर नाही ना!”

मग पेपर निघाला. पण डिग्री ‘हाती’ आली नव्हती. प्रोव्हिजनलवर त्याचा भरवसा नाही, त्याला पदवीदानाचा अस्सल कागद हवा. तो आला तर त्यात आडनाव चुकलेलं. दुरुस्तीचा अर्ज मीच भरला, दोनदा. दुरुस्त कागद आला आणि एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली. मार्च २०२० मध्ये तर देशातली सगळी प्रवासी विमानं थांबली. २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट गेली. दर वेळी कॅप्टन दुकानात येऊन एक चहा पाजतो. आपण न केलेल्या अर्जामुळे किती कंपन्यांच्या तावडीतून सुटलो, याची त्याच्याकडे तारीखवार नोंद आहे.

त्याच्या आयुष्यात एकच अपमान झाला, तोही अमेरिकेतून. तिथल्या बड्या कंपन्या चार वर्षांची डिग्री मागतात, हा त्याचा सगळ्यात मोठा पुरावा होता. जानेवारी २०२२ मध्ये डेल्टानं ती अट काढून टाकली. दोन दिवस तो दुकानाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो म्हणाला, “दर्जा राह्यला नाही आता.” आणि आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीला चौथं वर्ष जोडल्यापासून त्याला आपली तीन वर्षांची डिग्री थोडी तोकडी वाटून राहिली आहे. चौथं वर्ष बाहेरून करता येतं का, याची त्यानं मला चौकशी करायला लावली. मी मुद्दाम केली नाही.

गेल्या वर्षी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. तिथं एअर इंडियाची पायलट शाळा होणार, वर्षाला १८० वैमानिक घडणार, अशीही घोषणा झालेली. मी म्हटलं, आता तर दारात आलं. “पह्यल्या बॅचवर प्रयोग होतात बाबू. बसू दे जम.” मग डिसेंबरात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनी इंडिगोची गणितं बिघडली, हजारो उड्डाणं रद्द झाली. पायलट कमी पडून राहिलेत म्हणून देशभर बोंब. कॅप्टन शांत. “गरजेच्या वक्ताला गेलं की भाव भेटत नाही,” तो म्हणाला. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर कापसाची गाडी उभी करून हे कोणी म्हणून पाहावं!

पण परवा एक पोरगं आलं, पाटणबोरीकडचं, बारावी सायन्स. विचारत होतं, पायलटचं काही भरून मिळते का, की आधी डिग्री लागते? मी कॅप्टनकडे पाहिलं. तो खुर्चीवर ताठ झाला.

“काही लागत नाही. आजच्या आज डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर काढाले टाक. मेडिकल आधी कर, डोळ्यात काही निघालं तर पैसे वाचतील. डिग्री बाहेरून होते मागून.” वीस मिनिटं सांगत होता. कुठं थांबला नाही, कुठं अडखळला नाही. झेरॉक्सचे बारा रुपयेही त्यानंच दिले.

“दादा, तुमी काऊन नाही टाकला?” पोरानं जाता जाता विचारलं.

“माझी केस अलग हाय.”

पोरगं गेलं. थोडा वेळ कॅप्टन फाईलचा रबर ताणत बसला. मग म्हणाला, “पासष्टपर्यंत उडवता येते आपल्या देशात. अजून एकतीस वर्सं आहेत.” मी काही बोललो नाही. “फोटो काढ बरं नवा. जुन्याले सहा महिने झाले.”

पासपोर्ट फोटोसाठी खिळ्यावर एक काळा टाय लटकवलेला असतो. त्याची गाठ मी दुकान उघडलं तेव्हा बांधली होती, ती आजवर कोणी सोडली नाही. सगळे तो गळ्यात घालून वर सरकवतात. कॅप्टननं टाय घातला, खाली पट्ट्यांची बर्मुडा. निळ्या पडद्यासमोर बसला, हनुवटी वर केली. मी कॅमेरा धरला तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. तो तसाच उठला, टायसकट बाहेर रस्त्यावर गेला आणि मान वर करून उभा राहिला. कापसाचा ट्रक हॉर्न देत थांबला तरी हलला नाही.

“दिल्ली–बंगळुरू,” आत येत घड्याळाकडे पाहून तो म्हणाला. “नऊ मिनटं लेट.”